इंच एक सूत

होडीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या तोंडाचं माप ज्याने इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ठरवलं, त्याला एक दुपार माझ्या होडीच्या तळात ओणवा बसवा. बाकी काही मागणं नाही.

बाजारात पाइप मिळतो एक इंची, नाहीतर सव्वा इंची. एक इंची चढत नाही, सव्वा इंची गळतो. तीन दुकानं फिरलो. पहिल्याने मान वर न करताच "नाय" म्हटलं. दुसऱ्याने बागेला पाणी घालायची हिरवी नळी पुढे केली. तिसरा अनुभवी. "सव्वा इंची घे नि क्लिप आवळ, काय होवचा नाय." आवळली. स्टेनलेसची म्हणून दिलेल्या क्लिपचा स्क्रू जागच्या जागी फिरायला लागला, मग पट्टी फाटली, तिच्याबरोबर माझा अंगठाही. परत गेलो, एक इंची आणला, उकळत्या पाण्यात बुडवून मऊ केला (आईच्या चहाच्या टोपात, ते महाभारत वेगळं) आणि दात-ओठ खाऊन चढवला. चढला! अर्ध्यावर. तिथेच गार होऊन दगड झाला. ना पुढे, ना मागे. शेवटी सुरीने कापून काढताना कोऱ्या पंपाच्या तोंडावर चर पडला.

आणि खोक्यावर काय, तर ताशी ११०० गॅलन. म्हणजे चार हजार लिटरच्या वर. असेल हो, पाणी वर चढवायचंच नसेल तर! तीन फूट चढवा, दोन वळणं द्या, बॅटरी जरा उतरू द्या, मग मोजा. चुण्यांचा पाइप लावा म्हणणारेही धक्क्यावर भेटतात. त्या चुण्यांत पाणी अडखळतं हे त्यांना कोण सांगणार? हे तेच, गेल्या वर्षी "व्हॉल्व टाक, पाणी उलटं येवचा नाय" म्हणणारे. टाकला. त्यात जाळ्याचा धागा अडकला, मग पाणी उलटंही येईना आणि सुलटंही जाईना.

वायरमनचं तर नावच नको. पंपाला तीन वायरी: काळी ऋण, तपकिरी धन, तिसरी तपकिरीवर पांढऱ्या पट्टीची. त्याने घरातल्या पंख्याला जोडतात तशा पिळल्या, वर चिकटपट्टी, आणि तो सांधा थेट तळातल्या खाऱ्या पाण्यात सोडून दिला. गणपतीपर्यंत आत हिरवी भुकटी. सांधे वर घ्यायचे असतात, तांब्याला कथलाचा मुलामा असलेली वायर घ्यायची असते, मध्ये फ्यूज लागतो, हे मी बोललो तर म्हणे, "तू इंजिनियर काय?"

होडी बाबांच्या वेळची, सागवानी. तळात पंजाएवढी सपाट जागा नाही. पंप बसवायचा कशावर? त्यातून वांकांच्या, म्हणजे होडीच्या फासळ्यांच्या, बुडाशी पाणी मागे यायला ठेवलेली भोकं डांबराने गच्च बुजलेली. पंप बसलाय मागे कोरडा, पाणी पुढे नाळीशी डुलतंय. कुठल्या गाढवाने डांबर फासताना भोकं बघितली नाहीत, म्हणून मी तासभर शिव्या देत होतो. मग आठवलं. बाबा गेल्यापासून होडी पाण्यात ढकलायच्या आधी दर वर्षी ब्रश मीच फिरवतो.

पाणी बाहेर टाकायचं भोक खाली पाडणाराही मीच. तिघे मागे बसलो, भोक पाण्याखाली गेलं आणि उपसलेलं सगळं त्याच पाइपातून परत आत. मासे शून्य.

काल रात्रभर कोसळला. सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहून तेलाचा पाच लिटरचा कॅन अर्धा कापून उपसत होतो, तर तिसऱ्या दुकानदाराचा फोन. माप आलंय म्हणे. तसाच ओल्या चड्डीवर धावलो.

दीड इंची.

"क्लिपा दोन आवळ."

घेतला.