चोर नव्हे, लार्सेनस व्हा

भाऊ, चोर व्हायचं की लार्सेनस, हे आधी ठरवा. इंग्रजीतलं हे विशेषण चोरट्या वृत्तीचं. माणसाला लागतं तसं नजरेला, डावाला, हेतूलाही लागतं. एखाद्याला चोर म्हटलं की गाव काठ्या घेऊन धावतं. 'भाऊसाहेबांचा स्वभाव जरा लार्सेनस आहे' म्हटलं तर लोक विचारतात, औषध चालू आहे का?

मालही शब्दाला शोभेलसा निवडा. संत्र्याच्या बागेत पिशवी घेऊन शिरू नका. संत्रं झाडाला आहे तोवर कायद्यानं ते चोरीचा माल नाही, पण देठ तुटला की भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं आणि 3 वर्षांपर्यंत आत जाता येतं.

त्यापेक्षा धुरा, म्हणजे शेजाऱ्याच्या शेताचा बांध, कोरा. चोरी जंगम वस्तूची होते. जमीन स्थावर, ती या कलमात बसतच नाही. जुना इंग्रजी कायदाही असाच समजूतदार होता. 12 पेन्सांवरचा माल उचलला तर फाशीची तरतूद, पण जमिनीची लार्सेनी, म्हणजे त्या कायद्यातली चोरी, होतच नसे. पुढे 1968 च्या थेफ्ट ॲक्टनं इंग्लंडातून लार्सेनी हा गुन्हाच काढून टाकला. विशेषण तेवढं उरलं, ते आपल्या कामी आलं.

कोरताना मात्र घाई नको. उन्हाळवाहीत शेजारी लग्नाला गेला की ट्रॅक्टरवाल्याला हळूच सांगायचं, 'एक तास तिकडून घे.' तास म्हणजे नांगराची एक रेघ. दर साली एकच. खुणेचा दगड हातभर सरकवायचा आणि लगेच त्याला शेंदूर फासून नारळ फोडायचा. मग त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. शेजाऱ्यानं मोजणी आणायची भाषा केलीच, तर त्याच्या आधी तुम्हीच तलाठ्यापुढं रडा: 'माहं वावर कमी भरून रायलं ना बाप्पा!'

खेडा खरेदी, म्हणजे गावात जाऊन शेतकऱ्याच्या दारातूनच कापूस विकत घेणं, करत असाल तर एवढाही खटाटोप नाही. कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा, नाक मुरडायचं, 'ओल आहे' म्हणायचं आणि क्विंटलमागं 2 किलो कट्टी कापायची. ओल मोजायचं यंत्र गाडीतच राहू द्या. शेतकरी कुरकुरला तर चहा पाजा.

आणि हो, तुमच्या वावरातून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, भारा उचलणाऱ्या पोराला अजिबात सोडू नका. त्याच्यावर इंग्रजी वाया घालवायची गरज नाही. सरळ चोर म्हणा, पारावर उभं करा. निवाड्याला पंच म्हणून गाव तुम्हालाच बोलावेल.