१९४७ च्या रुपियात चांदी निम्मीच असते: आपल्या एक तारा अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या तक्रारी तीन. पोर्तुगीज भारताचा १९४७ चा रुपिया आम्ही ‘चांदीचा’ म्हणून दिला आणि सोनाराकडे तो निम्माच भरला. १९५८-५९ च्या सहा नाण्यांच्या संचात एक नाणं वेगळ्या सालाचं निघालं. आणि १८८२ चा रुपिया दुबईला तुमच्या मुलीकडे पाठवायला आम्ही नकार दिला. पहिल्या तक्रारीत चूक आमचीही आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

सोनाराने कस बरोबर सांगितला आणि नाणंही अस्सल आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचा रुपिया ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या मापाने पाडला जाऊ लागला: ११.६६ ग्रॅम, हजारात ९१७ भाग चांदी. १८८१-८२ चा पोर्तुगालच्या राजा लुईशचा, १९०३-०४ चा राजा कार्लुशचा, १९१२ चा प्रजासत्ताकाचा, सगळे याच मापाचे. १९३५ ला वजन १२ ग्रॅम झालं, कस तोच राहिला. १९४७ च्या रुपियाचं वजनही १२ ग्रॅमच, पण चांदी हजारात ५००. ब्रिटिश हिंदुस्थानने आपल्या रुपयातली चांदी १९४० मध्येच निम्म्यावर आणली होती. १९५२ च्या गोव्याच्या रुपियात तर चांदी नाहीच. तो तांबं-निकेलचा, ११.५ ग्रॅमचा. उलट तुमच्या नाण्याचा कस ९१७ भरला असता, तर आम्हालाच त्याची शंका आली असती.

आमची चूक अशी की पाकिटावर नुसतं ‘चांदी’ एवढंच लिहिलं होतं, आणि कपाटात त्याला लागूनच १९३५ चा ठेवला होता. १९३५ च्यात साधारण ११ ग्रॅम शुद्ध चांदी, १९४७ च्यात ६. पाहणाऱ्याने दोन्ही एकाच कसाचे धरले तर त्यात त्याचा दोष नाही. आता प्रत्येक पाकिटावर वजन आणि कस दोन्ही लिहिले आहेत.

यापुढे मात्र कुठलंही नाणं कसोटीवर घासू देऊ नका, ही कळकळीची विनंती. तुम्ही टाकलेल्या फोटोत कडेवर साधारण तीन मिलिमीटरचा चपटा, चकचकीत पट्टा दिसतो. तेवढा धातू दगडावर गेला, तो परत येत नाही. घरीच तपासायचं तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. बारीक दोऱ्याने नाणं पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबतं धरा. तळाला किंवा काठाला टेकलं की आकडा चुकतो. नाण्याला बुडबुडा चिकटला तरी चुकतो, म्हणून आधी नाणं पाण्यात हलकेच हलवून घ्या. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. १२ ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर आकडा १.२४ च्या आसपास (भागाकार साधारण ९.७) आला तर चांदी निम्मी, १.१६ (भागाकार १०.३) आला तर ९१७ ची, १.३४ (भागाकार ९ च्या जवळ) आला तर तांबं-निकेल. झीज झालेलं नाणं वजनाला थोडं कमी भरतं, पण भागाकार फारसा बदलत नाही. हीच या रीतीची खरी सोय.

फोटोत नाण्याचा चेहराही पांढरट झालेला आणि त्यावर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. चिंच आणि टूथपेस्टने घासल्यावर हेच होतं. आंबटपणा पृष्ठभागातलं तांबं आधी खातो, पेस्टची पूड रेघा पाडते. जुन्या चांदीवर आपोआप चढणारी काळपट झाक तशीच राहू द्यायची असते. संग्राहक तिचेच पैसे देतात. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच. त्यातून हिरवा चिकट थर सुटतो.

संचाबद्दल. १९५८ मध्ये गोव्यात रुपिया जाऊन एस्कुदो हे चलन आलं, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने. ३ आणि ६ एस्कुदो ही नाणी म्हणजे जुना अर्धा आणि पूर्ण रुपिया. यातलं ६ एस्कुदो फक्त १९५९ चंच आहे. १९५८ चं कोणी देऊ केलं, तर घेऊ नका. बाकी पाच नाणी दोन्ही सालांची मिळतात. १० सेंताव्हो (शंभर सेंताव्होंचा एक एस्कुदो) तर १९६१ चंही आहे, ज्या वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. सगळा संच १९५९ चा हवा असेल तर जुळवून देतो, वेगळे पैसे नाहीत.

दुबईचं मात्र जमणार नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरने नाही आणि सामानातूनही नाही. मुलगी सुट्टीला आली की तिने ते इथे बघावं, इथेच ठेवावं. १९४७ च्या रुपियाला हे बंधन अजून लागू नाही.

पाकिटावरची माहिती अपुरी होती, म्हणून १९४७ च्या रुपियाचे पूर्ण पैसे परत करतो. कडेवरच्या घाशीचे काही कापणार नाही. पावती आणि नाणं घेऊन या, फक्त येण्याआधी ते पुन्हा धुऊ नका.