थेट विचारायलाच हवं
आत्महत्येचा विचार मनात असलेला माणूस कसा ओळखावा, यावरच्या तुमच्या लेखात लक्षणं नीट सांगितली आहेत, पण त्यातलं 'आत्महत्येचा विषय काढू नका, नाहीतर तो विचार डोक्यात शिरेल' हे वाक्य कृपया काढून टाका. विचारल्याने विचार रुजत नाही, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. उलट बोलायला वाट मिळते. माझा धाकटा भाऊ कित्येक आठवडे धड जेवत-झोपत नव्हता आणि एके दिवशी अचानक शांत झाला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र त्याने आवडतं घड्याळ मित्राला देऊन टाकलं, हे खटकलं. शेजारी बसून सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का रे मनात?" बराच वेळ नखाशी चाळा करत राहिला, मग 'हो' म्हणाला.

अशा वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही, औषधांसकट धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठायचा. नुसतं 'डॉक्टरकडे जा' सांगून भागत नाही. त्या अवस्थेत साधा फोन लावायचंही बळ नसतं. भावासाठी फोन मी लावला, बाहेरच्या बाकावर सोबत बसले. आणि हो, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका.