पणतवंडांना चकवा कसा द्यावा

आपल्या लग्नाचा पुरावा पणतवंडांच्या हाती लागू नये असं वाटतंय? मग पूर्वजांचा कित्ता गिरवा. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

आधी नवरीचं नाव बदला. तांदळाच्या ताटात अंगठीनं 'लक्ष्मी' लिहिलं, की माहेरची द्वारका संपली. आडनाव गेलं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं. आता ती सापडायला तिचं माहेर ठाऊक हवं आणि माहेर कळायला ती सापडायला हवी! वंशावळीत तर तिला घेऊच नका. पाच मुलगे ओळीनं मांडा; त्यांना जन्म कुणी दिला, या फालतू चौकशीसाठी कागद कशाला नासायचा? जात पडताळणीलाही वडिलांकडचेच पुरावे मागतात.

पत्रिका जरूर छापा, पण 'मिती वैशाख शुद्ध पंचमी, गोरज मुहूर्त' इथंच थांबा. वैशाख काय, दरवर्षी येतो. शक घालायचा मोह आवरलाच नाही, तर त्यात ७८ मिळवायचे असतात हे नातवंडांना सांगू नका.

खरे उस्ताद १९३० सालचे. १ एप्रिलपासून बालविवाह रोखणारा शारदा कायदा लागू होणार, मुलगी निदान चौदा वर्षांची हवी. म्हणून त्याआधीच घाईघाईनं बार उडाले. तुमचा मुहूर्त हुकला असता, तर मुलीचं वय दोन वर्षांनी वाढवायचं, नाहीतर ब्रिटिश हद्दीपलीकडच्या एखाद्या संस्थानात मांडव घालायचा. पणतू बसू दे जिल्ह्याची दप्तरं उलटत.

सरकारची धास्ती नको. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा आला १९५३ साली. त्यात पणजीचं लग्न शोधू पाहणाऱ्याला मुळीच अडवू नका, दिवस बरा जातो. १९५५चा हिंदू विवाह कायदा तर फारच समंजस: नोंद नसली तरी लग्नाला बाध येत नाही, असं कलम ८ मध्येच लिहिलंय. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदणी सक्तीची करायला सांगून थोडा रसभंग केला, एवढंच.

धोका आहे तो नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांचा. गाव-आडनाव सांगताच ते वहीतून पिढ्या काढतात. तेव्हा मूळ गाव विचारलं, की 'कोकणातले' म्हणून मोकळे व्हा. तरीही कोणी चिकट निघाला, तर जुनी पानं मोडी लिपीत आहेत.

आणि व्हिसापायी तुम्हाला नोंदणी करावीच लागली, तर प्रमाणपत्र नीट लॅमिनेट करा, कुठंतरी जपून ठेवा आणि ती जागा घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला तेवढी सांगा.