हवाईतली खारफुटी आणि तुमचा आक्षेप

हवाई बेटांवरच्या जुन्या मत्स्यतळ्यांवर, म्हणजे किनाऱ्यालगत दगडी भिंत घालून मासे वाढवायच्या तळ्यांवर, मी लिहिलं. तिथली खारफुटी तोडून लोक ती श्रमदानाने दुरुस्त करताहेत. त्यावर तुम्ही म्हणालात : "इथे आपण खारफुटी वाचवण्यासाठी कोर्टात जातो आणि तुम्ही ती तोडणाऱ्यांचं कौतुक करता. शिवाय एवढ्या वर्षांच्या श्रमदानातून मासे किती निघाले? सरकार काय करतंय?" प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कोकणातली खारफुटी मूळची इथलीच. तिच्यासाठी मीही तुमच्या बाजूने उभी आहे. हवाईत मात्र ती नव्हतीच. १९०२ साली एका साखर कंपनीने ती फ्लोरिडाहून मोलोकाई बेटावर आणून लावली. डोंगरातून वाहून येणारी माती किनाऱ्यावर अडावी हा हेतू. पुढे ती इतर बेटांवरही पसरली. मी लिहिलेल्या तळ्यांपैकी ओआहू बेटावरचं हेएइया तळं ८८ एकरांचं, भिंत सुमारे दोन किलोमीटर, वय सहाशे ते आठशे वर्षं. दोन्ही अंगांना काळे दगड रचलेले, मध्ये प्रवाळाचा भराव, चुना-सिमेंट काही नाही. खारफुटीची मुळं अशा भिंतीत शिरली की दगड निखळतात, मुळांशी गाळ साचून तळं उथळ होतं. तिथे ती तोडणं म्हणजे तळं वाचवणं, असं मला ठामपणे वाटतं.

आता मासे. भिंतीत लाकडी पट्ट्यांची दारं असतात. फटींतून पिल्लं आत येतात, शेवाळ खाऊन वाढतात आणि मोठी झाली की त्यांना बाहेर पडता येत नाही. तिथली आमाआमा मासळी म्हणजे आपल्या खाड्यांतली बोयच. तिला वेगळं खाद्य घालावं लागत नाही, पण शेवाळ वाढायला ओढ्याचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळावं लागतं. ओढा गाळ घेऊन आला की सगळंच बिघडतं. म्हणून वरच्या अंगाला अळूची खाचरं पुन्हा उभी करण्याचं काम चालू आहे. पाणी त्यांतून संथ जातं, गाळ तिथेच बसतो. तळ्याचं काम भिंतीपाशी संपत नाही, हे तिथल्या लोकांनी नेमकं ओळखलंय.

भरघोस उत्पादन अजून नाही, हे तुमचं बरोबर. २००९ साली वारे मंदावले, पाणी तापलं आणि पाळलेले मोई मासे मोठ्या संख्येने मेले. पण १९६५ च्या पुरात हेएइयाच्या भिंतीला पडलेलं खिंडार बुजायला पन्नास वर्षं लागली, हेही लक्षात घ्या. डिसेंबर २०१५ मध्ये दोन हजारांच्या आसपास माणसांनी रांग लावून हातोहात दगड पोचवले, तेव्हा कुठे भिंत सलग झाली. पहिलीच पायरी एवढी मोठी असताना आजच टनांचा हिशेब मागणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिलं सरकार. अशा दुरुस्तीला कितीतरी खात्यांचे वेगवेगळे परवाने लागत. तळी सांभाळणाऱ्या गटांनी एकत्र येऊन पाठपुरावा केला आणि २०१५ च्या सुमारास राज्याने ते एका अर्जात आणले. २०१७ साली हेएइयाची पाणथळ जमीन, तळं आणि त्यापुढचा उपसागर मिळून राष्ट्रीय संशोधन-राखीव क्षेत्र झालं. त्याआधी कित्येक वर्षं लोक चिखलात उतरून काम करतच होते.