दामाजीपंतांनी कुलूप काढलं तेव्हा

दामाजीपंतांची गोष्ट आपण सोलापूरकर नेहमी शेवटाकडून सांगतो. विठोबा विठू महाराच्या रूपात बेदरला गेला, बादशहापुढे मोहरांची थैली रिकामी केली, पावती घेतली. कीर्तनात रंग भरतो तो इथेच. पण त्याआधीचं बघा ना. पंधरावं शतक, बहामनी अंमल, मंगळवेढ्यात दुष्काळ, दारात उपाशी माणसं. कोठार पंतांच्या ताब्यात, पण त्यातलं धान्य सरकारी. ते वाटलं तर मुंडकं जाणार, हे पंतांना पक्कं ठाऊक. विठोबा पैसे भरेल असं त्याने काही कबूल केलं नव्हतं. तरी त्यांनी कुलूप काढलं. देवाचं बळ म्हणतात ते मला तिथे दिसतं, थैलीत नाही.

पटत नसेल तर त्याच मंगळवेढ्यातले चोखोबा आठवा. १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते ढिगाऱ्याखाली गेले. (ज्या गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाची भिंत. त्यावर वेगळं लिहीन, इथे लिहिलं तर पोस्ट भरकटेल.) तिथे कुणी विठू धावून आला नाही. मग चोखोबांची भक्ती कमी पडली? असं म्हणायची छाती आहे कुणाची?

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या आईने विड्या वळायला घेतल्या. रात्री पानं भिजवायची, सकाळी फर्मा (मापाचा साचा) ठेवून कापायची, मग दिवसभर तंबाखू आणि दोरा. मजुरी हजारावर, त्यात छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की गेले पैसे. गिरणी सुरू होऊ दे, असा नवस तिने सिद्धेश्वराला केल्याचं मला आठवत नाही. "हात चालू दे रे बाबा," एवढंच. बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदणाऱ्या सिद्धरामेश्वरांकडे दुसरं मागणार तरी काय! गिरणी शेवटपर्यंत सुरू झाली नाही. हात मात्र चालले. माझा एक नास्तिक मित्र म्हणतो, हात तिचेच होते, त्यात देवाचं काय? आई म्हणते, एकटीने झालं नसतं. मी आईचं धरतो, कारण विड्या तिने वळल्यात.

हे आज लिहायचं कारण, ओळखीतल्या एका घरात मोठं आजारपण आलंय. ग्रुपवर रोज कुणीतरी चमत्कारांचे किस्से टाकतं. त्या वहिनी रात्र-रात्र दवाखान्यात बसून असतात आणि वर "तुमची श्रद्धा कमी पडतेय" हेही ऐकून घेतात. अरे, त्या बसून आहेत तीच श्रद्धा आहे की! प्रार्थना जरूर करा, मीही करतो. फक्त पेशंट बरा होणारच अशी हमी देवाच्या नावाने देऊ नका, ती आपल्या हातातली नाही. आणि शनिवारी रात्री वहिनींच्या जागी बसायला कुणाला जमत असेल तर मला मेसेज करा. शुक्रवारचं ठरलंय.