फटाके, भेदरलेला कुत्रा आणि केळ्याचा उतारा

चवथ (गणेशचतुर्थी) सरून वाड्यावाड्यावर दिवाळीच्या नरकासुरांचे सांगाडे उभे राहू लागले, की गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मेसेज हमखास फिरतो. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याच्या मेंदूत सेरोटोनिन (पेशींमधला निरोप्या रसायन) कमी असते. केळे भरवा, वाढेल. नाहीच भागले तर माणसाची झोपेची अर्धी गोळी द्या. आणि जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते. रसायनाचे नाव आले, की लोक डोळे मिटून पुढे ढकलतात.

सेरोटोनिनचा हिशेब इतका सरळ असता तर काय हवे होते! १९९८ साली सेरोटोनिनचा ‘१ए’ रिसेप्टर (पेशीवरची सेरोटोनिनचा निरोप घेणारी जागा) नसलेले उंदीर तपासले, ते जास्त भित्रे निघाले. उंचावरच्या चक्रव्यूहात कठडा नसलेल्या वाटेवर जायला धजेनात. इथवर मेसेजवाले खूश होतील. पण २०१४ साली फ्रान्समध्ये क्रेफिशवर (आपल्या सुंगटांचा गोड्या पाण्यातला नातलग) प्रयोग झाला, त्यात उलटेच दिसले. विजेचे झटके खाल्लेले क्रेफिश उजेडाच्या वाटा टाळू लागले, आणि त्यांच्या मेंदूत सेरोटोनिन वाढलेले होते. झटका न बसलेल्यांना नुसते सेरोटोनिन टोचले, तर तेही तसेच वागले! माणसांना चिंतेवर देतात त्यातलेच एक औषध दिल्यावर त्यांची भीड चेपली. तेच रसायन कुठल्या प्राण्यात, कुठल्या रिसेप्टरवर काम करते, यावर सगळे अवलंबून.

केळ्यात सेरोटोनिन असते खरे, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. शिवाय पलंगाखाली धापा टाकत लाळ गाळणारा कुत्रा बांगड्याचे डोकेही हुंगत नाही, केळे कुठून खाणार?

गोळीचा सल्ला मात्र घातक. माणसांच्या काही औषधांत कुत्र्याला विषारी ठरणारे झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) असते. असेप्रोमाझीनसारख्या गुंगीच्या औषधाने कुत्रा गपगार पडतो, भीती आत तशीच. घरच्यांना वाटते, शांत झाला. नॉरअॅड्रेनॅलिनचा (शरीराला सावध करणाऱ्या रसायनाचा) जोर उतरवणारी डेक्समेडेटोमिडीनची जेल कुत्र्यांच्या आवाजाच्या भीतीसाठीच काही देशांत मंजूर आहे. काय द्यायचे ते पशुवैद्य ठरवतील, पण त्यांना आधी विचारा; नरकासुर रस्त्यावर आल्यावर नको.

राहिला लाड. भीती ही काही बिस्किटासाठी केलेली करामत नव्हे, की कुरवाळल्याने तिची सवय लागेल. बिलगला तर घ्या जवळ, न्हाणीघरात लपला तर राहू द्या तिथेच, आणि खिडक्या लावून पंखा मोठा करा.